क्रीडा मंडळासाठी कार्यकर्ते आणि प्रशिक्षक कसे जमवावेत, कसे टिकवावेत

सोलापुरात खो-खोचं किंवा कबड्डीचं मंडळ सुरू करायला फार काही लागत नाही. मोकळी जागा, दोन खांब, फक्कीची एक गोणी आणि पोरं. पोरं तर हाक मारायच्या आधीच हजर असतात. अडतं ते मोठ्या माणसांवर. नारळ फोडायला दहा जण असतात आणि दिवाळी येईपर्यंत एकटे सर उरतात. तेच मैदान आखतात, तेच शिट्टी मारतात, तेच फी मागतात, पडलेल्या पोराला दवाखान्यात नेतात आणि स्पर्धेचे अर्जही तेच भरतात. एक दिवस त्यांची बदली होते किंवा घरी कुणी आजारी पडतं, आणि मंडळ बंद पडतं.

हे टाळायचं तर माणूस शोधण्याआधी काम ठरवावं लागतं. किती काम, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कधीपर्यंत, हे सांगता आलं तर माणसं हो म्हणतात आणि टिकतातही. इथली उदाहरणं खो-खोची आहेत, पण पद्धत कुठल्याही खेळाला चालेल.

कामांचा तक्ता

एक फुलस्केप कागद घ्या आणि आठवड्यात मैदानावर जे जे होतं ते सगळं लिहून काढा. मैदानावरचे खडे आणि काचा वेचणं, पाणी मारणं, आखणी, हजेरी, लहान गटाचं वॉर्मअप, प्रथमोपचाराची पेटी, फीची पावती, पालकांचे फोन, साहित्याची किल्ली, शेवटचं पोर घरी जाईपर्यंत थांबणं. यातलं शेवटचं काम कुणीच लिहीत नाही, म्हणून ते रोज प्रशिक्षकाच्या गळ्यात पडतं आणि अर्धा तास जातो.

प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहा. मग गणित सोपं होतं. समजा ४५ मुलं आहेत आणि आठवड्यात सहा दिवस सराव आहे. रोज एक प्रशिक्षक आणि दोन मदतनीस लागतात. म्हणजे मदतनिसांच्या आठवड्याला १२ पाळ्या झाल्या. एका माणसाकडून दोनपेक्षा जास्त पाळ्यांची अपेक्षा ठेवू नका. सहा जण लागले आणि लग्न, आजारपण, गावाकडची जत्रा यासाठी दोन जास्तीचे. आठ माणसं. आता तुम्हाला ‘कार्यकर्ते पाहिजेत’ असं मोघम म्हणावं लागत नाही, आठ माणसं पाहिजेत हे ठाऊक असतं.

काही कामं एकट्याने होतच नाहीत. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नसलं की आखणी तिरकी जाते, पाट्या (पाठलाग करणारे बसतात त्या आडव्या पट्ट्या) एकीकडे अरुंद होतात आणि पोरांना चुकीच्या अंतराची सवय लागते. दोघांनी मिळून एकदाच नीट मोजा. चौकोन बरोबर बसला की नाही ते कर्ण मोजून बघा. दोन्ही कर्ण ३१.३८ मीटर आले पाहिजेत. मग चारही कोपऱ्यांना जमिनीच्या बरोबरीने खुंट्या ठोकून टाका. पुढच्या वेळी नवा मुलगासुद्धा सुतळी ताणून वीस मिनिटांत फक्की मारतो. नव्या माणसाला जमेल असं काम करून ठेवणं हीसुद्धा कार्यकर्ते जमवायची तयारीच आहे.

माणसं कुठे आहेत

बाहेर शोधण्याआधी मैदानाच्या कडेला बघा. रोज पोराला सोडायला येऊन गाडीवर बसून राहणारे दोन-तीन पालक असतातच. ते तसेही थांबलेले असतात. हजेरी आणि पाण्याचं काम त्यांना आज विचारलं तर उद्यापासून सुरू होतं.

दुसरा साठा गल्लीतल्या मंडळांचा. या शहरात गणेशोत्सवाआधी लेझीमचे सराव चालतात आणि सिद्धेश्वर यात्रेआधी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच जड काठ्या, पेलण्याचे. वेळेवर शंभर पोरं उभी करणं, रांग सांभाळणं, वर्गणीचा हिशेब, पोलीस परवानगी, हे सगळं त्या कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यांना खेळ येत नसला तरी चालेल. स्पर्धा भरवायची वेळ आली की यांच्यासारखी माणसं नाहीत. फक्त त्यांच्या उत्सवाच्या दिवसांत त्यांच्यावर विसंबू नका. गणपतीचे दिवस, नवरात्र, मकर संक्रांतीच्या सुमाराची गड्ड्याची (म्हणजे सिद्धेश्वराची) यात्रा, एप्रिलमधली आंबेडकर जयंती आणि शहराच्या पूर्व भागात नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आधीच पाळ्यांच्या तक्त्यात लिहून ठेवा.

तिसरा साठा कॉलेजांचा. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करावं लागतं. कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून तुमच्या मैदानावरचे तास त्यात धरता येतील का ते विचारा. जाताना कामांचा तक्ता आणि हजेरीचा नमुना बरोबर न्या. बी.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या) विद्यार्थ्यांना शिकवण्याचा सराव हवा असतो, त्यांच्यातून पुढे प्रशिक्षक मिळतात. निवृत्त क्रीडाशिक्षक, रेल्वेतले आणि सोरेगावच्या राज्य राखीव दलातले जुने खेळाडू, यांना मात्र पत्र पाठवून उपयोग नाही. घरी जाऊन भेटा.

बायकांना विचारायचं राहूनच जातं, आणि मग मुलींचा संघ बाहेरगावी न्यायची वेळ आली की धावपळ होते. खेळाडू मुलींच्या आया, लग्नानंतर खेळ सुटलेल्या जुन्या खेळाडू, बचत गटातल्या ताई, यांना सुरुवातीलाच धरा. विड्या वळणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईचा दिवस कामाच्या मोजणीवर चालतो, तिला दुपारची बैठक परवडत नाही. संध्याकाळी सातनंतर, अर्ध्या तासाची बैठक घ्या. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी कुणी येणार नाही हे धरूनच चाला. प्रत्येकीचा पाण्याचा वार तक्त्यात लिहून ठेवला की रुसवेफुगवे निम्मे कमी होतात.

विचारायचं कसं

व्हॉट्सॲपच्या मोठ्या गटावर ‘इच्छुकांनी संपर्क साधावा’ टाकलं की खाली हात जोडल्याच्या खुणा येतात, माणूस येत नाही. प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी जाईल. एकेकाला, नाव घेऊन, समोर उभं राहून विचारा. मग लेखी आठवण म्हणून असा निरोप पाठवा:

‘ताई, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते सात, लहान गटाची हजेरी घ्यायची आणि पाणी द्यायचं. १५ जून ते दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत. खेळ येण्याची गरज नाही. पहिले दोन आठवडे कविताताई सोबत असतील. जमेल का ते रविवारपर्यंत कळवा. नाही जमलं तरी काही हरकत नाही.’

यात वार आहे, वेळ आहे, शेवटची तारीख आहे आणि नाही म्हणायची मोकळीक आहे. शेवटची तारीख फार महत्त्वाची. बिनमुदतीच्या कामातून माणूस भांडण करूनच सुटतो, मुदतीच्या कामातून तो मानाने सुटतो आणि बरेचदा पुढची मुदत स्वतःच मागतो.

पूर्व भागात बऱ्याच घरांत तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड, आणि काही वस्त्यांत उर्दू-दखनी बोलली जाते. पालकांना फोन करायला त्या त्या घरची भाषा बोलणारा एक एक कार्यकर्ता ठेवा. मराठीतल्या चिठ्ठीला जो पालक कधी उत्तर देत नाही, तोच आपल्या बोलीतल्या फोननंतर मैदानावर येऊन उभा राहतो.

माणसं जमवायचा हंगाम मे अखेर ते शाळा सुरू होईपर्यंत. शालेय स्पर्धांच्या तोंडावर शोधायला निघालात तर प्रत्येक शाळेचे सर आपापल्या संघात अडकलेले असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे विद्यार्थी कार्यकर्ते हाती लागत नाहीत.

प्रशिक्षक निवडताना

चांगला खेळाडू चांगला प्रशिक्षक असेलच असं नाही. प्रमाणपत्रं जरूर बघा: बी.पी.एड., पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा सहा आठवड्यांचा कोर्स, खो-खो संघटनेची पंच परीक्षा. पण खरी पारख मैदानावर होते. दोन सराव घ्यायला सांगा आणि बाजूला उभं राहून एकच गोष्ट मोजा: एका वेळी किती पोरं हलत आहेत.

खो-खोत एका डावात पाठलागाचे नऊ आणि पळणारे तीन, असे १२ जण मैदानात असतात. ३० पोरं असतील आणि सर नुसता डाव खेळवत असतील, तर १८ पोरं कडेला बसून माती उकरतात. महिनाभर असं चाललं की गळती लागते आणि आपण पोरांनाच दोष देतो. जाणता प्रशिक्षक गट पाडतो. १२ जणांचा डाव, दहा जण खांबावर वळण्याचा सराव करतात, उरलेले आठ साखळी आणि दुहेरी पळती गिरवतात, आणि दर पंधरा मिनिटांनी गट बदलतो. मदतनीस लागतात ते याचसाठी.

आणखी दोन गोष्टी बघा. चुकलेल्या पोराला तो काय म्हणतो, आणि सगळ्यात कच्च्या पोराकडे तो किती वेळा जातो. शिव्या देणारा, कानाखाली वाजवणारा प्रशिक्षक कितीही पदकं आणत असला तरी घेऊ नका.

पूर्वी जिथे शिकवत होते तिथल्या दोघांशी स्वतः बोला. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागा. अर्ज ऑनलाइन होतो. शहरातल्या माणसासाठी पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागातल्यासाठी पोलीस अधीक्षक कार्यालय. हा नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखा लावा, अध्यक्षांच्या भाच्यालासुद्धा. एकाला सूट दिली की दुसऱ्याकडे मागणं म्हणजे संशय घेणं होतं.

कागदावर काय लिहायचं

प्रशिक्षकाला एक पानाचं पत्र द्या. त्यात गट, वार, वेळ, मुदत (पहिली तीन महिन्यांची, मग वर्षाची), मानधन, प्रवासखर्च, सुट्टीची सूचना कुणाला किती आधी द्यायची आणि तक्रार कुणाकडे न्यायची, एवढं असावं. संघनिवडीचा निकषही त्यातच लिहा. उदाहरणार्थ, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर संघात जागा नाही, आणि प्रशिक्षकाचं स्वतःचं मूल निवडीत असेल तर तो त्या निवडीला बसणार नाही. मैदानावरची बरीच भांडणं निवडीवरूनच होतात.

मानधन आणि प्रवासखर्च वेगळे ठेवा. मानधन परवडत नसेल तर थोडं द्या, पण ठरलेल्या तारखेला द्या. तारीख चुकत गेली की चांगला माणूस बोलून दाखवत नाही, एक दिवस यायचा थांबतो. हिशेब असा करा: ४५ मुलं, महिना २०० रुपये फी, म्हणजे कागदावर ९,००० रुपये. पण विडी कामगाराच्या, यंत्रमाग कामगाराच्या घरून दर महिन्याला फी येणार नाही, आणि फीसाठी पोराला परत पाठवू नये. ३० जणांची फी येईल असं धरा. ६,००० रुपये. त्यात मानधन ३,५००, पेट्रोल ८००, फक्की-पाणी-औषधं १,०००, स्पर्धेसाठी बाजूला ७००. ९,००० धरून मानधन कबूल केलेलं मंडळ तिसऱ्या महिन्यात उधारीत जातं. प्रत्येक रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि व्हाउचर ठेवा.

कार्यकर्त्यांनाही खिशातून खर्च करू देऊ नका. ‘असू दे हो’ म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी त्याच खर्चाची आठवण काढतो, आणि ते रास्तही असतं.

मुलांची सुरक्षितता

इथे सवलत नाही. पुढचे नियम मोठ्या अक्षरात लिहून साहित्याच्या पेटीवर चिकटवा आणि प्रत्येक नव्या माणसाकडून वाचून सही घ्या.

१. मैदानावर कायम दोन मोठी माणसं. दुसरं माणूस आलं नाही तर त्या दिवशी सराव नाही.

२. प्रशिक्षकाने किंवा कार्यकर्त्याने एकट्या मुलाला-मुलीला गाडीवरून घरी सोडायचं नाही. आईवडिलांना फोन करायचा आणि दोघांनी थांबायचं.

३. मुलांना खाजगी मेसेज नाहीत. निरोप पालकांच्या गटावर.

४. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत स्त्री व्यवस्थापक हवीच. तिचं तिकीट आधी काढायचं, संघाचं नंतर.

५. मालिश, दुखापत बघणं, कपडे बदलणं, यात मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकांतात राहायचं नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘आधी कमिटीत बोलू’, ‘मंडळाचं नाव जाईल’ असं म्हणत थांबायचं नाही. मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२. मोठ्या स्त्रियांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. त्यात क्रीडा संस्था आणि मैदानं येतात, आणि विनामोबदला काम करणारी कार्यकर्तीही येते.

ऊन, दुखापत आणि पेटी

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर राहतो. उन्हाळी शिबिर सकाळी सहा ते आठ, त्यापुढे नाही. संध्याकाळी साडेपाचच्या आधी जमीनच इतकी तापलेली असते की सूर मारलेल्या पोराचं कोपर भाजतं. हिवाळ्यात उलटा प्रश्न येतो. डिसेंबरात सव्वासहाला रेषा दिसेनाशा होतात, तेव्हा वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे घ्या. नोकरी करणाऱ्या कार्यकर्त्याला ती वेळ जमत नाही. त्याला हिवाळ्यात रविवारची पाळी द्या.

दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. पेटीत ओआरएसच्या पुड्या (एक पुडी एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही), जंतुनाशक, बँडेज, क्रेप बँडेज, बर्फासाठी थर्मास. पोर बडबडायला लागलं, त्याचा तोल जायला लागला किंवा ते बेशुद्ध पडलं, तर उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. डोक्याला मार लागलेल्या पोराला त्या दिवशी परत खेळायला सोडायचं नाही, मग अंतिम सामना असला तरी. मैदानावर कुत्रं चावलं तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन लगेच सिव्हिलला न्या.

हे कुणाला तोंडपाठ आहे? प्रत्येक पाळीत एकाला तरी असायलाच हवं. वर्षातून एकदा, जूनमध्ये, एखाद्या डॉक्टरांना बोलावून दोन तासांचं प्रथमोपचाराचं शिक्षण सगळ्यांना द्या, छातीवर दाब देण्याच्या सरावासह. कार्यकर्त्यांचा आणि प्रशिक्षकांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्यांच्या बँक खात्यातून सुरू आहे का तेही बघा. वर्षाला २० रुपये हप्ता आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख मिळतात. दवाखान्याचं बिल मात्र त्यातून मिळत नाही.

टिकवायचं कसं

पहिले चार आठवडे जपा. नवा माणूस जातो तो याच काळात, आणि जातो तो कामाचा कंटाळा आला म्हणून नाही. मैदानावर आल्यावर काय करायचं ते कुणी सांगत नाही, हे खरं कारण. पहिल्या दिवशी त्याची पोरांशी ओळख करून द्या, दोन आठवडे जुन्या माणसाबरोबर जोडी लावा, महिनाअखेरीस दहा मिनिटं बसून ‘काय जड जातंय?’ एवढंच विचारा. उत्तर लिहून घ्या आणि त्यातली एक तरी गोष्ट पुढच्या आठवड्यात बदला.

प्रशिक्षकाला पालकांपासून आडोसा द्या. सामना हरल्यावर ‘माझ्या पोराला का बसवलं’ म्हणून मैदानावरच आवाज चढतो. नियम असा करा: सामन्याच्या दिवशी निवडीबद्दल बोलणं नाही, दुसऱ्या दिवशी सचिवांना फोन करायचा. सचिवांनी तो फोन उचलायचा आणि प्रशिक्षकाच्या बाजूने उभं राहायचं, चूक असेल तर नंतर खाजगीत सांगायची.

शाळेच्या सरांशी संबंध हा नाजूक भाग आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धांत शाळा उतरते, मंडळ उतरत नाही. पोर घडवलं आपल्या प्रशिक्षकाने आणि बातमीत फोटो शाळेच्या सरांचा, याचा सल खोल जातो. हंगामाआधी दोघांना एकत्र बसवा, सरावाचे दिवस वाटून घ्या, आणि मंडळाच्या फलकावर दोघांचीही नावं लिहा. शाळेच्या सरांना बाजूला ठेवून काही होत नाही, कारण प्रवेश अर्जावर शाळेचा शिक्का लागतो. खेळाडूंना दहावी-बारावीत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांची कागदपत्रंही शाळेतूनच पुढे जातात. ती कागदपत्रं सांभाळायला एक वेगळा कार्यकर्ता नेमा. प्रमाणपत्राच्या प्रती, जन्मदाखला, आधार, स्पर्धेची तारीख, सगळं एका फाइलमध्ये. हे काम कुठेही बसून होतं, त्यामुळे ज्याला मैदानावर येणं जमत नाही अशा माणसालाही देता येतं.

प्रशिक्षकाला शिकायला पाठवा. पंच परीक्षेची फी मंडळाने भरावी. परत आल्यावर त्याने बदललेले नियम बाकीच्यांना एका रविवारी शिकवावेत, एवढीच अट.

शाल-श्रीफळ वर्षातून एकदा ठीक आहे. त्याहून जास्त पोचतं ते वेळेवर मिळालेलं पत्र: कोणतं काम, किती महिने, किती तास. कॉलेजच्या मुलाला ते नोकरीच्या अर्जाला जोडता येतं. तास हजेरीवरूनच लिहा, अंदाजाने नको.

माणूस जातो तेव्हा

आपली तरुण मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्याला जातात. जाणारच. म्हणून सुरुवातीपासून प्रत्येक कामाला जोडीदार ठेवा आणि विद्यार्थी कार्यकर्ता दोन वर्षं राहील असंच धरा. मंडळ न्यास म्हणून नोंदलेलं असेल आणि अध्यक्ष, सचिव, विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो. तो राहिला की पुढे बँकेतली सही अडते, बँकेतली सही अडली की मानधन अडतं.

जाणाऱ्याकडून एका संध्याकाळी पाच गोष्टी ताब्यात घ्या: साहित्याची किल्ली, हजेरीचं रजिस्टर, पावतीपुस्तक (वापरलेलं आणि कोरं दोन्ही), व्हॉट्सॲप गटाची अॅडमिनकी आणि पालकांच्या फोन नंबरांची यादी. पावतीपुस्तकातले क्रमांक त्याच्यासमोर मोजा आणि दोघांनी सह्या करा. सुट्टीला घरी आलात की रविवारी मैदानावर या म्हणून सांगा, आणि त्याचं नाव स्पर्धेच्या पंचांच्या यादीत राहू द्या.